कृत्रिम वारुळाचा इतिहास : अल्प साधने आणि वाढती वसाहत

१. प्रश्नाचे स्वरूप

मुंगी माणसाच्या घरात न बोलावता येते. परंतु अभ्यासासाठी तिला घरात ठेवून घ्यावयाचे म्हटले, तर ते काम सोपे नाही, असा गेल्या तीन शतकांतील निरीक्षकांचा अनुभव आहे. पक्षी पिंजऱ्यात राहतो, मासा काचेच्या पात्रात राहतो. एकटी मुंगी मात्र कशातच फार दिवस राहत नाही. मुंगी पाळणे म्हणजे वास्तविक मुंग्यांची वसाहत पाळणे होय. त्या वसाहतीत राणी हवी, कामकरी मुंग्या हव्यात, अंडी, अळ्या व कोश ह्यांची अखंड परंपरा हवी. आणि वसाहत निरोगी असेल तर ती वाढतच जाते. एकट्या राणीपासून आरंभ झाला, तर पहिल्या पिढीत बहुधा मूठभर लहानखुऱ्या कामकरी मुंग्या निपजतात. पुढे काही वर्षांत त्याच वसाहतीची संख्या शेकड्यांवर, आणि अनेक जातींत हजारांवर जाते.

ह्यातून एक चमत्कारिक अडचण उभी राहते. आज वसाहतीस पुरेल असे घर उद्या अपुरे पडते. आणि तीन वर्षांनी पुरेल असे घर आजच दिले, तर तेही हितावह ठरत नाही. मूठभर मुंग्या मोठ्या जागेतील ओलावा राखू शकत नाहीत. त्या जागेची स्वच्छता त्यांच्याकडून होत नाही, उष्टे अन्न कोपऱ्याकोपऱ्यांत साठते आणि बुरशी माजते. तात्पर्य, कृत्रिम वारुळाचा प्रश्न हा केवळ जागेचा नसून काळाचाही आहे. येथे ‘वारूळ’ हा शब्द वाळवीच्या मातीच्या ढिगापुरता मर्यादित न ठेवता मुंग्यांच्या निवासस्थानाच्या व्यापक अर्थाने योजला आहे.

ह्या प्रश्नाच्या इतिहासात एक गोष्ट प्रकर्षाने आढळते. ज्या रचना टिकल्या, त्या जवळजवळ सर्व स्वस्त द्रव्यांच्या आहेत : पाणी, मेण, खिडकीची काच, प्लॅस्टर, स्पंज, कापूस. प्रत्येक टप्प्यावर एखाद्या अल्पमोली वस्तूने मुंगीच्या एखाद्या मूलभूत गरजेचे उत्तर दिले, आणि ते उत्तर शोधता शोधता ती गरज कोणती हेही शास्त्राला कळले. म्हणून कृत्रिम वारुळाचा इतिहास हा उपकरणांच्या सुधारणेचा इतिहास असला, तरी तो मुंगीविषयक ज्ञानाचाही इतिहास आहे.

२. पाण्याची सीमा

मुंग्यांना घर देण्यापूर्वी त्यांना सीमा द्यावी लागते. महाराष्ट्रातील जुन्या घरांत दुधातुपाच्या फडताळाचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवण्याची चाल होती. मुंग्यांना पदार्थांपासून दूर ठेवण्याची ही युक्ती सर्वांच्या परिचयाची आहे. हीच युक्ती उलट बाजूने वापरली की मुंग्या बाहेर जाऊ शकत नाहीत, आणि युरोपातील पहिल्या निरीक्षकांनी नेमके तेच केले.

हॉलंडमधील यान स्वामरडाम (१६३७–१६८०) ह्याने मुंग्यांचे निरीक्षण करण्यासाठी त्या एका भांड्यात ठेवल्या आणि भांड्याच्या कडेने मेणाची पन्हळ करून तीत पाणी भरले. त्याचे हे काम त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १७३७–३८ मध्ये, बूरहाव्हे ह्याने प्रसिद्ध केलेल्या ‘बिब्लिया नातुरे’ ह्या ग्रंथातून विद्वानांपुढे आले. कीटकांच्या अंतर्रचनेचे सूक्ष्म विच्छेदन करणाऱ्या ह्या शास्त्रज्ञाने मुंगीच्या बाबतीत केवळ विच्छेदनावर समाधान मानले नाही. अंडी, अळी, कोश ही अवस्थांची मालिका डोळ्यांनी पाहावयाची, तर मुंग्या जिवंत हव्यात आणि त्या एकाच ठिकाणी राहिल्या पाहिजेत, हे त्याने ओळखले होते.

फ्रान्समधील रेने आंत्वान द रेओम्यूर ह्याने मुंग्या काचेच्या बरण्यांत ठेवून पाहिल्या. १७४२–४३ च्या सुमारास त्याने मुंग्यांविषयी लिहिलेले प्रकरण तसेच हस्तलिखितात पडून राहिले आणि विल्यम मॉर्टन व्हीलर ह्या अमेरिकन संशोधकाने ते १९२६ मध्ये प्रथम प्रकाशात आणले. बरणीमुळे मुंग्या कोंडल्या जातात व बाहेरून दिसतातही. परंतु मातीने भरलेल्या बरणीत मुंग्या मध्यभागी भुयारे खणून बसल्या, की निरीक्षकास फक्त माती दिसते. सीमेचा प्रश्न सुटला, दृश्यतेचा राहिला. पुढील शतकभर ह्या विषयातील निरीक्षकांची खटपट मुख्यतः ह्या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरत राहिली.

३. काचेच्या दोन तावदानांमधील अंतर

जिनीव्हाचा प्येर ह्यूबर (१७७७–१८४०) हा मधमाश्यांचे अंध अभ्यासक फ्रान्स्वा ह्यूबर ह्यांचा पुत्र. पित्याने पोळ्याच्या चौकटी पुस्तकाच्या पानांसारख्या उघडता येतील अशी रचना केली होती. काचेपलीकडील कीटकसमाज पाहण्याची परंपरा प्येरला घरातच मिळाली. १८१० मध्ये त्याचा देशी मुंग्यांच्या चालीरीतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. काचा बसविलेल्या लाकडी पेटीत मुंग्या ठेवून काचांवर झडपा लावण्याची त्याची पद्धत होती. झडप मिटली की आत अंधार, उघडली की निरीक्षण. मुंग्यांना वारुळात प्रकाश सहन होत नाही, ही गोष्ट त्याच्या रचनेत गृहीत धरलेली दिसते. गुलामगिरी करणाऱ्या मुंग्यांच्या आयुष्यक्रमाचे त्याने केलेले वर्णन आजही प्रमाण मानले जाते.

परंतु काचेच्या वारुळाला शास्त्रीय उपकरणाची प्रतिष्ठा मिळवून दिली ती सर जॉन लबक ह्याने. लबक हा लंडनचा पेढीवाला, पार्लमेंटचा सभासद आणि डार्विनचा शेजारी होता. १८७१ चा बँकांच्या सुट्यांचा कायदा त्याच्याच प्रयत्नाने झाला. पैशाची उणीव नसलेल्या ह्या गृहस्थाने मुंग्यांसाठी योजलेले घर मात्र अगदी साधे होते. खिडकीची सामान्य काच, सुमारे दहा इंच चौरस अशी दोन तावदाने, दोहोंमध्ये एक दशांश ते एक चतुर्थांश इंच इतके अंतर, कडेने लाकडी पट्ट्या, मध्ये बारीक माती आणि एका कोपऱ्यात लहानसे दार, एवढीच ही रचना होती.

ह्या रचनेचे सारे मर्म त्या अंतरात आहे. ते अंतर मुंगीच्या उंचीशी जुळविलेले असते. तावदाने जास्त दूर गेली की मुंग्या मातीआड दडतात. जास्त जवळ आली की त्यांना हालचाल करता येत नाही. योग्य अंतर ठेवले असता मुंग्यांना भुयारे खणता येतात, मात्र निरीक्षकाच्या दृष्टीआड एकही भुयार जात नाही. बरणीतील त्रिमिती वारूळ लबकने जणू चपटे करून कागदावरील नकाशासारखे पसरले. वसाहत वाढली की असे आणखी एक घर करावयाचे. एका उभ्या खांबाला फिरत्या फळ्या बसवून लबकने अशी अनेक घरे एकावर एक मांडली आणि खालच्या चौकटीभोवती पाण्याचा खंदक ठेवला. काही ठिकाणी पाण्याऐवजी केस खालच्या दिशेला वळलेले लोकरी कातडे वापरले. स्वामरडामचा खंदक व रेओम्यूरची काच ह्या दोहोंचा असा संगम झाला.

ह्या साध्या घरातून काय निष्पन्न झाले, ते पाहण्यासारखे आहे. मुंग्या एकच हंगाम जगतात, असा त्या काळी सामान्य समज होता. तो चुकीचा असल्याचे सिद्ध करण्यास कोणत्याही सूक्ष्मदर्शकाची आवश्यकता नव्हती; आवश्यकता होती ती अनेक वर्षे न मोडणाऱ्या घराची. १८७४ च्या डिसेंबरमध्ये लबकने ठेवलेली फॉर्मिका फुस्का जातीची एक राणी ८ ऑगस्ट १८८८ रोजी मरण पावली. पकडली तेव्हाच ती प्रौढ होती. म्हणजे तिचे वय सुमारे पंधरा वर्षांचे झाले होते. तसेच १८७६ च्या ऑगस्टमध्ये मिर्मिका रुगिनोडिस जातीच्या राण्या व नर त्याने वेगळे ठेवले. पुढील वर्षी राणीने अंडी घातली आणि कोणत्याही कामकरी मुंगीच्या साहाय्याविना अळ्या वाढविल्या. एकटी राणी नवी वसाहत स्थापू शकते की नाही, ह्या जुन्या वादात हा पुरावा निर्णायक ठरला.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. मुंग्यांना प्रकाश नको असतो, म्हणून घरावर आवरण घालावे लागे. निरीक्षकाच्या दृष्टीने ही एक कटकटच होती. लबकने त्याच कटकटीचे साधन केले. तावदानावर निरनिराळ्या रंगांच्या काचा व रासायनिक द्रावणांची पात्रे ठेवून मुंग्या आपले कोश कोणत्या रंगाखाली नेतात हे तो मोजू लागला. माणसाच्या डोळ्यास न दिसणारे जांभळ्यापलीकडील किरण मुंग्यांना जाणवतात व त्या ते टाळतात, हा निष्कर्ष त्यातूनच निघाला. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘मुंग्या, मधमाश्या व गांधीलमाश्या’ ह्या विषयावरील ग्रंथात ही हकीकत विस्ताराने आली आहे.

४. ओलाव्याची उतरण

लबकच्या घरात एक वैगुण्य होते. मातीचा पातळ थर लवकर वाळे. पाणी अधिक झाले तर चिखल होई. मुंगीच्या अंड्यांना व अळ्यांना दमट हवा लागते, कोशांना बहुधा त्याहून कोरडी चालते, आणि साठवलेल्या बियांना तर कोरडी जागाच हवी. जमिनीतील वारुळात खाली ओल व वर कोरडे अशी नैसर्गिक उतरण असते आणि कामकरी मुंग्या ऋतुमानाप्रमाणे, किंबहुना दिवसाच्या प्रहराप्रमाणे, पिल्ले खालीवर हलवीत असतात. चपट्या काचघरात ही उतरण उरत नाही.

ह्याचे उत्तर फ्रान्समधील शार्ल जाने (१८४९–१९३२) ह्याने दिले. जाने हा व्यवसायाने अभियंता व कारखानदार होता, विद्यापीठातील प्राध्यापक नव्हे. १८९३ मध्ये त्याने वर्णिलेल्या वारुळात मातीचा कणही नाही. प्लॅस्टरच्या ठोकळ्यात ओळीने काही खोल्या कोरलेल्या, त्यांवर काचेचे झाकण, खोल्यांना जोडणाऱ्या अरुंद वाटा आणि एका टोकाला पाण्याची खाच. प्लॅस्टर सच्छिद्र असल्याने खाचेतील पाणी हळूहळू झिरपते. खाचेजवळची खोली सर्वांत ओली, तिच्या पुढची किंचित कमी ओली, आणि शेवटची कोरडी राहते. पाणी किती घालावे, हे निरीक्षकाने ठरवावयाचे. कोणत्या खोलीत राहावे, हे मुंग्यांनी. राणी, अळ्या, कोश व कचरा ह्यांचे स्थान मुंग्या स्वतःच निवडतात आणि त्या निवडीतून त्यांच्या गरजा आपोआप नोंदल्या जातात. राणीच्या उड्डाणाचे स्नायू विवाहोड्डाणानंतर विरघळून तिच्या उपयोगी पडतात, ह्यासंबंधी जानेने १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन विख्यात आहे.

जानेच्याही आधी स्वित्झर्लंडच्या ऑग्युस्त फोरेलने प्लॅस्टरचा आणखी एक उपयोग शोधला होता. १८७४ मध्ये स्विस मुंग्यांवरील महाग्रंथ लिहिणाऱ्या ह्या मानसरोगतज्ज्ञाने कोरड्या प्लॅस्टरच्या भुकटीची गोल तट रचून तिच्या आत मुंग्या मोकळ्या सोडल्या. भुकटीवर चढू गेलेली मुंगी तिच्या कणांसह खाली घसरते. पाण्याच्या खंदकात मुंग्या बुडून मरण्याचे भय असते, ते येथे नाही. आज अनेक जण भांड्याच्या आतल्या कडेस शंखजिऱ्याची भुकटी, पातळ तेल वा व्हॅसलिन लावतात, किंवा प्रयोगशाळेत फ्लुऑन ह्या निसरड्या द्रव्याचा लेप देतात. तत्त्व फोरेलचेच आहे.

ओलाव्याचे तिसरे उत्तर अमेरिकेत अडेल फील्ड (१८३९–१९१६) हिने दिले. फील्ड पूर्वी चीनमधील स्वाटोव येथे मिशनरी होती आणि तेथील बोलीचा कोशही तिने रचला होता. जीवशास्त्राकडे ती उत्तरायुष्यात वळली. प्रवासात बरोबर नेता येईल असे घर तिला हवे होते. १९०० मध्ये तिने अशा सुवाह्य वारुळाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९०४ मध्ये त्यात सुधारणा सुचविल्या. काचेच्या तळावर काचेच्याच पट्ट्या चिकटवून भिंती केलेल्या, भिंतींच्या वरच्या कडेस टॉवेलच्या कापडाची पट्टी, तीवर काचेचे सुटे छप्पर. कापडातून हवा खेळते, मुंगी मात्र निसटत नाही. आत दोन दालने : एक झाकलेले व ओले, पिल्लांसाठी, दुसरे उजेडाचे, अन्नासाठी. ओलाव्यासाठी माती नाही, प्लॅस्टरही नाही. केवळ भिजविलेल्या स्पंजाचा एक तुकडा. हा तुकडा वरचेवर धुवावा लागतो, नाहीतर तो कुजतो. व्हीलरने १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंग्यांवरील आपल्या ग्रंथात ह्या सर्व रचनांचा परामर्श घेतला, आणि पुढील पिढीच्या अभ्यासकांना ह्या साधनांची ओळख मुख्यतः त्यातून झाली.

साधनांच्या साधेपणाचे आणखी एक उदाहरण ह्याच काळातील आहे. चार्ल्स हेन्री टर्नर (१८६७–१९२३) ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन संशोधकाने १९०७ मध्ये शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मुंग्यांच्या घरी परतण्याच्या प्रवृत्तीवरील प्रबंधाबद्दल मिळविली. त्याच्या प्रयोगांतील प्रमुख साधन म्हणजे पुठ्ठ्याचे एक व्यासपीठ व त्यास टेकविलेला उताराचा मार्ग. विद्यापीठात अध्यापकाचे स्थान न लाभलेला हा विद्वान १९०८ पासून सेंट लुईसच्या एका माध्यमिक शाळेत शिकवीत राहिला आणि तेथूनच त्याने आपले कीटकसंशोधन चालू ठेवले.

५. वाढीचे उत्तर : मोठे घर नव्हे, अनेक घरे

येथवर सीमा, दृश्यता व ओलावा हे तीन प्रश्न सुटले. चौथा प्रश्न वाढीचा. लबकने घरावर घर चढविले, जानेने खोल्यांची ओळ लांबविली. परंतु एकाच वसाहतीचे घर ती वसाहत न हलविता वाढवीत नेण्याची सोय ह्या दोहोंत पुरेशी नव्हती. मुंग्यांना एका घरातून दुसऱ्यात हलविताना राणीला इजा होण्याचा धोका असतो, आणि राणी गेली की वसाहत काही काळाने नामशेष होते.

ह्याबाबत एरिख वासमान ह्या जेझुइट अभ्यासकाची पद्धत मार्गदर्शक ठरली. मुंग्यांच्या वारुळात राहणाऱ्या परकी कीटकांचा, म्हणजे त्यांच्या ‘पाहुण्यांचा’, अभ्यास हा वासमानचा विशेष विषय. त्यासाठी त्याने लबकच्या धर्तीचे काचघर काचेच्या नळ्यांनी इतर पात्रांना जोडले. एक पात्र अन्नाचे, एक कचऱ्याचे, एक नव्या वस्तीचे. नळी जोडली की घर वाढते. नळी बंद केली की वसाहतीचा एक भाग वेगळा काढता येतो. मुंग्यांना कोणी हलवावे लागत नाही. जुनी जागा वाळू लागली आणि नवी ओली असली, की त्या आपण होऊन पिल्ले उचलून नेतात. मोठ्या घराऐवजी जोडघरांची मालिका, हे वाढीच्या प्रश्नाचे खरे उत्तर ठरले. आणि अल्प खर्चात वसाहत पाळणाऱ्यास तर ते वरदानच आहे. वसाहत जेवढी वाढेल तेवढाच पुढचा खर्च करावयाचा.

ह्या विचाराची परिणती विसाव्या शतकातील परीक्षानळीच्या घरात झाली. बर्ट हॉलडॉब्लर व एडवर्ड ओ. विल्सन ह्यांच्या ‘द अँट्स’ ह्या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बृहद्ग्रंथाच्या अखेरीस मुंग्या पाळण्याच्या पद्धतींचे विवेचन आहे. सुमारे पंधरा सेंटिमीटर लांबीची परीक्षानळी घ्यावयाची, तळाशी पाणी भरून त्यावर कापसाचा घट्ट बोळा बसवावयाचा, आणि उरलेली पोकळी मुंग्यांसाठी ठेवावयाची. बोळ्यातून पाणी झिरपत राहते आणि नळीतील हवा अनेक आठवडे दमट राहते. नळीभोवती धातूचा पातळ पत्रा गुंडाळला की अंधार होतो. अशा नळ्या निसरड्या कडेच्या उघड्या पेटीत ठेवल्या, की पेटी हे अंगण व नळ्या ही घरे बनतात. वसाहत वाढली की पेटीत आणखी नळ्या टाकावयाच्या. स्वामरडामची सीमा, ह्यूबरचा अंधार, लबकचे अंतर, जानेची उतरण आणि वासमानची जोड, ही सर्व तत्त्वे ह्या एका नळीत व पेटीत एकवटलेली आहेत.

अन्नाचा प्रश्नही ह्याच मार्गाने सुटला. अविनाश भटकर व डब्ल्यू. एच. व्हिटकॉम्ब ह्यांनी १९७० मध्ये ‘फ्लॉरिडा एंटोमॉलॉजिस्ट’ ह्या नियतकालिकात एक कृत्रिम खाद्य प्रसिद्ध केले. एक अंडे, ६२ मिलिलिटर मध, ५ ग्रॅम अगर, जीवनसत्त्वे व क्षार, आणि ५०० मिलिलिटर पाणी. स्वयंपाकघरातील पदार्थांतून बहुतांशी सिद्ध होणारे हे खाद्य जगभरच्या प्रयोगशाळांत भटकर-खाद्य ह्याच नावाने ओळखले जाते.

६. न वाढणारी वसाहत

वाढीचा प्रश्न टाळण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे वाढच नाहीशी करणे. १९५६ मध्ये अमेरिकेत मिल्टन लेव्हीन ह्या व्यापाऱ्याने ‘अंकल मिल्टन्स अँट फार्म’ ह्या नावाचे खेळणे बाजारात आणले. पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन पत्र्यांमध्ये वाळू आणि वर शेतवाडीचे हिरवे चित्र. किंमत १ डॉलर ९८ सेंट. रचना उघडच लबकच्या घराण्यातील आहे. ह्या खेळण्याचे लक्षावधी नग खपले व अमेरिकेतील कित्येक पिढ्यांनी भुयारे खणणारी मुंगी प्रथम त्यातच पाहिली. परंतु टपालाने येणाऱ्या मुंग्यांत राणी नसे. राणी मुंग्यांच्या वाहतुकीवर तेथील शेतकी खात्याची बंधने आहेत. राणी नसल्याने अंडी नाहीत, अंडी नसल्याने वाढ नाही. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी सर्व मुंग्या मरतात व नव्या मागवाव्या लागतात.

स्वस्तपणाच्या दृष्टीने लबकचे घर व हे खेळणे ह्यांत फारसा भेद नाही. भेद आहे तो हेतूचा. पहिल्यात काच स्वस्त आहे आणि वसाहत मोलाची. दुसऱ्यात घरच मोलाचे आणि मुंग्या बदलण्याजोग्या. खेळण्यातून भुयाराची रचना दिसते, परंतु मुंग्यांचा समाज, म्हणजे पिढ्यांची साखळी, दिसत नाही.

परीक्षानळीच्या सोयीचाही असाच एक दुसरा पैलू अलीकडे उघड झाला. २०२५ मध्ये केनियात सुमारे ५,००० मुंग्या बेकायदा बाहेर नेण्याचा प्रयत्न पकडला गेला. त्यांत मेसर सेफालोटीस ह्या जातीच्या राण्या होत्या. त्या ओला कापूस घातलेल्या दोन हजारांहून अधिक लहान नळ्यांत ठेवलेल्या होत्या, आणि अशा नळीत राणी दोन महिनेपर्यंत जिवंत राहू शकते, असे तेथील अधिकाऱ्यांनी सांगितले. आरोपींना दहा लाख केनियन शिलिंगांच्या दंडाची शिक्षा झाली. जी नळी राणीला प्रयोगशाळेत पहिली पिढी वाढविण्यास आश्रय देते, तीच नळी तिला परक्या खंडातील बाजारात पोचविते. ज्या देशात ती जात नैसर्गिक नाही, तेथे निसटलेली एक फलित राणी किती अनर्थ घडवू शकते, हे आगंतुक मुंग्यांच्या इतिहासावरून सर्वश्रुत आहे. म्हणून स्थानिक जातीच पाळाव्यात, हा नियम संकेतापुरता नसून शास्त्रीय आहे.

७. भारतीय संदर्भ

भारतातील मुंगीसंशोधनाचा आरंभ निवासाच्या खटाटोपाविना झाला. टी. सी. जर्डन ह्या डॉक्टरने १८५१ मध्ये दक्षिण भारतातील मुंग्यांची यादी मद्रासच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. मुंबई इलाख्यातील वनाधिकारी आर. सी. रॉटन ह्याचा ‘आपल्या मुंग्या’ ह्या आशयाचा विस्तृत लेख १८९२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यात सवयींची निरीक्षणे असली, तरी मुख्य भर ओळख व वर्गीकरण ह्यांवर होता. रॉटनने पाठविलेल्या नमुन्यांच्या आधारे प्लॅस्टरच्या तटाचा जनक फोरेल ह्यानेही हिंदुस्थान व सिलोन येथील मुंग्यांवरील आपली फ्रेंच लेखमाला मुंबईच्या ह्याच नियतकालिकात लिहिली. १९०३ मध्ये सी. टी. बिंगहॅमचा मुंग्यांवरील खंड ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. टाचणीला टोचलेल्या मुंगीला ओलावा लागत नाही व तिचे घर वाढवावे लागत नाही. त्या काळच्या गरजांना हे पुरेसे होते.

परंतु जर्डनने १८५१ मध्ये नाव दिलेल्या एका मुंगीने हा क्रम पुढे बदलला. हार्पेग्नाथॉस सॅल्टेटर ही लांब जबड्यांची, उडी मारून भक्ष्य पकडणारी मुंगी दक्षिण भारतात व पश्चिम घाटाच्या परिसरात आढळते. १९९४ मध्ये पीटर्स, हॉलडॉब्लर, मॉफेट व मुस्ताक अली ह्यांनी तिच्या नैसर्गिक वारुळाचे वर्णन प्रसिद्ध केले. जमिनीखाली घुमटाकार छताचे दालन आणि त्याच्या आतील भिंतींवर रिकाम्या कोशांच्या तुकड्यांचे अस्तर. पावसाळ्यात वारुळात पाणी शिरू नये अशी ही योजना आहे. ह्या जातीत राणी मेली की काही कामकरी मुंग्या परस्परांशी झुंजून प्रजोत्पादक बनतात. २०१० मध्ये तिच्या जनुकसंचाची संपूर्ण मांडणी प्रसिद्ध झाली. २०२१ मधील संशोधनावरून असे दिसले की, प्रजोत्पादक बनलेल्या कामकरी मुंगीच्या मेंदूचे आकारमान घटते आणि तिला पुन्हा कामकरी अवस्थेत आणल्यास ते भरून येते.

अशा संशोधनास वर्षानुवर्षे जिवंत व वाढत्या वसाहती लागतात. जनुकांचे वाचन करणारी यंत्रे अतिशय महाग आहेत. परंतु ज्या मुंग्यांची जनुके वाचावयाची, त्या प्लॅस्टिकच्या पेटीत, प्लॅस्टरच्या तळात केलेल्या खोलगट दालनात, काचेच्या झाकणाखाली राहतात. पश्चिम घाटातील मुंगीला परदेशी प्रयोगशाळेत जानेच्याच प्लॅस्टरने आसरा दिला आहे.

युरोपातील हौशी अभ्यासकांनी प्लॅस्टरऐवजी वायुयुक्त काँक्रीटही वापरले. स्वीडनमध्ये १९२० नंतरच्या दशकात शोधलेले हे हलके, सच्छिद्र बांधकामद्रव्य कानशीने सहज कोरता येते आणि पाणी धरून ठेवते. महाराष्ट्रात आता बांधकामाच्या ठिकाणी त्याचे ठोकळे सर्रास वापरात आहेत आणि त्यांचे तुटके तुकडे टाकून दिले जातात. खोल्या कोरलेला असा एक तुकडा, काचेचे झाकण, एका कडेस पाण्याची खाच, आणि परीक्षानळीस जोडणारी एक लवचिक नळी, एवढ्यावर मध्यम आकाराच्या स्थानिक वसाहतीची सोय होऊ शकते.

८. निष्कर्ष

वरील आढाव्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, कृत्रिम वारुळाच्या इतिहासात स्वस्तपणा हा नाइलाज म्हणून आलेला नाही. सीमा, अंधार, अंतर, ओलाव्याची उतरण व जोड ह्या मुंगीच्या मोजक्या गरजा एकदा ओळखल्या, की त्या भागविण्यास महाग द्रव्य लागत नाही. ज्याने त्या ओळखल्या नाहीत, त्याचे महाग घरही ओस पडते. लबकपाशी धन होते, तरी त्याने खिडकीची काच वापरली. टर्नरपाशी पुठ्ठा होता आणि तोच त्याला पुरला.

दुसरी गोष्ट अशी की, ह्या कामातील खरा व्यय द्रव्याचा नसून सातत्याचा आहे. लबकच्या राणीचे वय सिद्ध करण्यास काचेची दोन तावदाने लागली, आणि जवळजवळ चौदा वर्षे कोणीतरी तिच्या मातीचा ओलावा पाहत राहिले. लॅसियस नायगर जातीच्या एका राणीचे बंदिवासातील आयुष्य २८ वर्षांहून अधिक असल्याची नोंद १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. अशी नोंद विकत घेता येत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, संशोधनाचे अनुदान बहुधा तीन वर्षांचे. मुंगीची वसाहत ह्या दोहोंहून दीर्घायुषी आहे. म्हणून ज्या विभागात यंत्रसामग्री अल्प आहे, पण एका तुकडीने दुसऱ्या तुकडीच्या स्वाधीन वसाहत व तिची नोंदवही करण्याची परंपरा आहे, तेथे संपन्न प्रयोगशाळेस न साधणारे कार्यही होऊ शकेल. वसाहत वाढेल तसे घर वाढवीत जाण्याचे तंत्र तीन शतकांच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. त्या घराकडे रोज पाहणारी माणसे वर्षानुवर्षे मिळत राहणे, एवढेच काय ते उरते.